एका माणसापुरती खोली

प्रिय वहिनी,

माझ्याबरोबर काम करणारा रामफळ गावी निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय. मायच्या नाही, वहिनीच्याच हातात द्यायची, असं त्याला दोनदा बजावलंय. तू चौथीपर्यंत शिकलेली, माझी शाळा दुसरीतच सुटली. अक्षर लागलं नाही तर हसून घे आणि पुढे वाच.

मायचा निरोप मिळाला. फागुनात मी गावी यायचं आणि पंचांसमोर तुला चुड्या भरून बायको करून घ्यायचं. घरची सून घरात राहील, मुनियाला बाप मिळेल, असं माय म्हणते. ते ऐकून मी सत्तू कालवून खाल्लं आणि पाळीवर गेलो. काही वाटलंच नाही. दादा गेल्यापासून हे असंच आहे. वीटभट्टी सोडली, ज्यूटची गिरणी सोडली, आता कोळशाच्या खाणीत आहे. कुठे बूड टेकत नाही. इथेही खणायचंच काम, पण इथे सुरुंग लावला की सगळं धाडदिशी खाली येतं. आपल्या गावच्या विहाराच्या खोदकामावर साहेब एक वीट हलवू द्यायचे नाहीत. ब्रश घेऊन बसा, भिंत सापडली की लेकराचं तोंड पुसावं तशी पुसा. दादाला ते जमायचं. मला घाई. झकसू मुकादम ओरडायचा, 'छेद्या, हजार वर्षं थांबलीय ती, तुला जेवणापर्यंत दम नाही का रे?'

ती खोल्यांची ओळ उघडी पडली तो दिवस आठवतो? साहेबांनी सांगितलं, एका खोलीत एक भिक्षू, विटांचा ओटा झोपायला, कोनाडा दिव्याला, बायको नाही, पोर नाही. तू डोक्यावर मातीची टोपली घेऊन उभी होतीस. म्हणालीस, 'म्हणजे रात्री उठवून कुणी पाणी मागायचं नाही? सुखात होते की मेले!' सगळ्या बाया हसल्या. दादा खालून म्हणाला, 'जा मग, हो भिक्षू.' तू म्हणालीस, 'मी झाले तर तुम्हाला लिट्टी कोण भाजणार? हे भावजी? यांना तर चूलही पेटत नाही!' मी तुझ्यावर ढेकूळ फेकलं. माय बघत होती, तीही हसली.

पुढच्याच पंधरवड्यात त्या ओळीतल्या कडेच्या खोलीत दादाने कोनाडा साफ करायला हात घातला, आणि नाग आत होता. विष उतरवणाऱ्या ओझाकडे नेलं, पुढचं तुला माहीत आहे. चार दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. त्याची खुरपी मुकादमाने माझ्या हातात दिली. कोनाडा मीच साफ केला. आत पणतीचा तुकडा निघाला. साहेबांना दिला, त्यांनी पिशवीत घातला. मला रडू यायला हवं होतं. तू टोपली घेऊन वर उभी होतीस, तूही रडली नाहीस.

मग मायने अंगणात पहिल्यांदा ती चुड्यांची गोष्ट काढली. मी ओसरीवर होतो. त्या संध्याकाळी तू मला जेवायला वाढलंस ते पदर नाकाखाली ओढून. वहिनी, तू माझ्यासमोर कधी तोंड झाकलं नव्हतंस. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू एकटीच त्या खोलीतल्या ओट्यावर बसली होतीस. मी हाक मारली तर मान न वळवता म्हणालीस, 'मला इथेच राहू देतील का हो भावजी? कुणाची न होता?' यावेळी हसायला कुणी नव्हतं. आठवड्याभरात मी गाव सोडलं. मला काय हवं होतं ते विचारू नकोस, मलाही आता नीट सांगता येणार नाही.

तर ऐक. मायला मी टपालाने वेगळी चिठ्ठी धाडलीय. पोचली असेल, डाकियाने अंगणात मोठ्याने वाचलीही असेल. त्यात लिहिलंय की मी इथे एक बाई ठेवलीय, तिच्याशीच राहणार, फागुनात येणार नाही, पुढेही नाही. माय शिव्या देईल, पंच माझ्या नावाने थुंकतील. तुला कुणी बोल लावणार नाही, नाही म्हणालो तो मी. मुनिया आहे, दादाचा वाटा आहे, तुला घराबाहेर काढायचं धाडस कुणी करणार नाही. तू टोपली उचल, कमव, कुणाची न होता राहा. फक्त एवढ्याचसाठी हे लिहिलं, की इथे बाई वगैरे कुणी नाही. गावाने मानलं तर मानू दे. तू मानू नकोस.

तुझाच दीर,
छेदी