टाकीच्या झाकणावरचं भोक

पुंडलिकनगर, औरंगाबाद
कार्तिक वद्य पंचमी

ती. द्वारकाअक्का यांना वच्छलाचा वाकून नमस्कार.

“ते भोक गाडीसाठी आहे, वच्छला. राहू दे.” बारा वर्षांपूर्वी, वाटणीच्या दिवशी, पिकअपची किल्ली माझ्या हातावर ठेवताना तुम्ही एवढंच म्हणालात. (हातावर म्हणजे ओट्यावर. हातात द्यायचे दिवस तेव्हा संपले होते.) त्याआधी मी चार माणसांत बोलून गेले होते, की थोरल्या जावेनं निवडून पितळी भांडी घेतली आणि झाकणाला भोक पडलेली गाडी आमच्या माथी मारली. तुमचं ते उत्तर मी इतकी वर्षं टोमणा समजून जपलं. परवा कळलं, की ते नुसतं उत्तर होतं. म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही “बोल” म्हणता आणि मग मला काही सुचत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? सिल्लोडला गारठा इथल्यापेक्षा जास्त, तेव्हा पहाटे न्हाणीत जाऊ नका. काकासाहेब भाऊजींना नमस्कार. इथं आम्ही बरे आहोत, रोपवाटिका बरी चालली आहे, आजारी आहे ती फक्त गाडी. दसऱ्यानंतर तिनं एक नेमच धरला. रोपं भरून सिल्लोडकडं निघालं, की चौका गावापर्यंत शहाण्यासारखी चालते, फुलंब्री मागं पडली की दमते, मग दोन आचके देऊन उभी राहते. पहिल्या खेपेला हे खाली उतरले, टाकीचं झाकण उघडून चिंचेची काडी बुडवली, डिझेल आहे असं पाहून झाकण घट्ट लावलं आणि नवाब मिस्त्रीला बोलावलं. नवाबनं फिल्टरचा नट ढिला केला, हातपंप दाबून दाबून बुडबुडे बाहेर काढले आणि म्हणाला, “भाभी, इसने एअर पकडी थी. अब देखो.” गाडी सुरू झाली. आम्ही सिल्लोडला पोचलो, आणि परतताना ती पुन्हा तिथंच थांबली.

पुढचा महिना तिच्या दवापाण्यात गेला. फिल्टर नवा घातला. टाकी उतरवून धुतली (गाळ निघाला वाटीभर, यांनी तो शेजाऱ्यांना दाखवला). डिझेलच्या नळ्या फुंकून साफ केल्या. पंपाचे वायसर बदलले. दर वेळी नवाब हवा काढायचा, हे काडी बुडवायचे, गाडी चालायची, आणि तीसेक किलोमीटरवर पुन्हा आचके. आमच्या रामकिसन माळ्याचं मत, की फुलंब्रीपुढच्या कडुलिंबाखाली काहीतरी आहे. “लई वंगाळ जागा हाय ती, बाई. नारळ फोडा.” यांनी त्याला रागावून गप्प केलं, आणि पुढच्या खेपेला मागच्या क्रेटमध्ये मला नारळ सापडला.

गेल्या मंगळवारी तो नारळही फुटून झाला आणि गाडी त्याच लिंबाखाली उभी राहिली. मागं तीस क्रेट कोबीची रोपं, वर ऊन. हे एका मोटारसायकलवर मागं बसून नवाबला आणायला गेले. जाताना म्हणाले, “बस झालं आता. भंगारवाल्याला येत्या रविवारचं बोलावतो.” मी एकटी राहिले. रोपांवर पाणी शिंपडलं. मग काही करायला नव्हतं म्हणून काडी घेतली आणि झाकण फिरवलं. अक्का, टाकीनं श्वास घेतला. लांबलचक, आत ओढलेला, पाण्याखालून वर आलेलं माणूस घेतं तसा. महिनाभर यांनी झाकण उघडलं तेव्हाही तिनं तो घेतला असणार, पण हे बोलत बोलत उघडतात. मी झाकण उलटं करून पाहिलं. तुमच्या भोकात कुणीतरी पुट्टी भरली होती.

मग सगळं ध्यानात आलं. इंजिन डिझेल ओढत राहतं, टाकीत वरून हवा शिरायला जागा नाही, मग टाकीनं द्यायचं तरी कुठून? आम्ही महिनाभर तिची हवा काढत होतो, आणि ती बिचारी हवेसाठीच तळमळत होती. तुम्ही गाडी चालवायचात तेव्हाही ती अशीच कुठंतरी उभी राहिली असणार आणि तुम्ही एकटीनं, दगडानं खिळा ठोकून, तिला नाक करून दिलं असणार. कुणाला सांगितलंही नाहीत. नवाबसारखा पंप दाबून मी किल्ली फिरवली. गाडी गिअरात होती, हातभर उडाली, तीन क्रेट कोबी रस्त्यावर. दुसऱ्यांदा गिअर काढून फिरवली. हे नवाबला घेऊन आले तेव्हा गाडी चालू होती आणि मी स्टिअरिंगमागं बसले होते. “कुणी केली चालू?” यांनी विचारलं. मी म्हटलं, आपोआप झाली.

तुमची,
वच्छला

ता. क. – वर ‘कुणीतरी’ लिहिलं आहे ते मीच. दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, कुंकू लावलं, आणि ते भोक पुन्हा दिसलं. मोरीचा नळ गळत होता त्याला आणलेली पुट्टी उरली होती. भरताना मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते. यांना अजून काही बोललेले नाही.

ता. क. दुसरा – नवाब दोन मिनिटांत भोक पाडून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. सध्या टाकीच्या तोंडावर फडकं आहे, आणि झाकण कापडात बांधून या पत्राबरोबर, तिकडं निघालेल्या आमच्या गडी कडूबाच्या हाती पाठवते आहे. भोक तुमच्या हातानं पाडा. शनिवारी आम्ही कोबी घेऊन सिल्लोडला येतोय. परतताना गाडी तुम्ही चालवा, घरी चला, रविवारपर्यंत राहा. भंगारवाल्याला परत पाठवायला हे माझं ऐकणार नाहीत, वहिनीचं ऐकतील. तुमच्याकडं गुडघा आहे, नातवंडं आहेत आणि वाटणीच्या दिवशीचं माझं बोलणं आहे, तेव्हा तुम्ही नाही म्हणाल हे मी धरून चालले आहे. म्हणा. पण झाकण कडूबाच्या हाती परत पाठवू नका. घेऊन या.