बारकीच्या दाण्याचा वाद

१९ जाने. ८७, सोम.
खडवलीला मावशीच्या शेतावर. गहू फुलोऱ्यात. मोठ्या दाण्याचं वाण ती माझी ‘मोठी’, लहान दाण्याचं ती ‘बारकी’. मावशी बांधावरून, “आमचे भाताचे गावान गहू, नि त्याला साखर पाजनार. बरा हाय ना तुजा?” विळा घेतला, मूठ धरली, सपासप ओंब्या कापल्या. आमच्याकडे भात असाच कापतात. संध्याकाळी कल्याणला, लॅबमध्ये. एकेका नळीत साखरपाणी, त्यात एकेक ओंबी. कमी साखर, मध्यम, जास्त. कशात दाणा किती भरतो ते बघायचं.

२३ जाने.
सगळ्या ओंब्यांनी माना टाकल्या. साखरपाणी जिथल्या तिथे. गाइड सर हसले, “भात कापलंस की काय?”
हो, भातच कापलं. देठ पाण्याखाली कापायचा असतो, नाहीतर आत हवा शिरते आणि ओंबी पाणी ओढत नाही. वाचलेलं होतं की! हाताने ऐकलं नाही. स्वतःचाच राग आला. उशिरा पेरलेल्या ओळी आहेत अजून, त्यांच्यावर मदार.

३० जाने.
पुन्हा. बादलीत हात बुडवून एकेक देठ कापला, बोटं गारठली. नळ्यांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा केल्या. मुंग्या लागल्या, तर लॅबच्या काशीनाथमामांनी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. सांगावं लागलं नाही.

१६ फेब्रु., सोम.
दाणे सुकवून वजन. मोठी: साखर वाढेल तसा दाणा भरतो. बारकी: मध्यमपर्यंत वाढली, पुढे ढिम्म. तीनदा तोलले. साखरपाणी तर प्यायलीय, खुणेच्या खूप खाली गेलंय.
म्हणजे बारकी उपाशी नाहीच. तिचं पोटच तेवढं.

१८ फेब्रु.
सर इतकी वर्षं शिकवत आलेत, बारक्या दाण्याला साखर कमी पडते, म्हणून तो बारका. माझे आकडे पाहिले नि कागद उलटा ठेवला.
“बारकीचं प्रकरण काढ प्रबंधातून. शनिवारी सही देतो.”
“नाही काढणार.”
“ओंब्या प्यायल्याच नसतील. आधीच्या कशा मेल्या?”
नळ्यांवरच्या खुणा दाखवल्या.
“खुणा काय, कोणीही करेल.”
हे लागलं. फार लागलं. मी खोटारडी? तोंडातून निघूनच गेलं, “मग सर, तुम्ही स्वतः करून बघा. तोवर सही नको मला.”
शब्द मागे घेणार नाही.

२० फेब्रु., शुक्र.
सर खरंच आले खडवलीला, पॉलिशचे बूट घालून. बारकीचे उशिराचे फुटवे, बुडातून मागाहून आलेले, स्वतः निवडले, पाण्याखाली कापले. हात सफाईदार आहे, मानलं. मी लांब उभी, बोट लावलं नाही. सगळ्या ओंब्या जास्त साखरेत; दाणा माझ्या मध्यमच्या वजनापुढे गेला, तर सर खरे. खोलीला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात.

९ मार्च, सोम.
मामा म्हणाले, सरांनी सकाळी खोली उघडली, एकट्यानेच वजनं केली, मग तासभर दार लावून बसले. दुपारी कॉरिडॉरमध्ये समोर आले. “बाबा बरे आहेत ना?” एवढंच. बरे आहेत म्हटलं. ते जिन्याने खाली गेले. वजनांचं मी कशाला विचारू? मला माहीत आहे काय निघालं ते.

असो. बारकीचं प्रकरण टायपिंगला दिलं, एक ओळ न गाळता. सरांच्या सहीची जागा कोरी ठेवायला सांगितलीय.