त्याला सांग, तिला सांग

प्रिय टपालबाई,

लहानपणीचं नाव वापरलं म्हणून नाक मुरडू नकोस. परवा फोनवर तू तीनदा म्हणालीस, सगळं ठीक आहे आई. एकदाच म्हणाली असतीस तर विश्वास बसला असता. नवऱ्याशी अबोला धरून मैत्रिणीच्या घरी जाऊन बसायचं, याला ठीक म्हणतात होय? कारण विचारू नकोस म्हणालीस, नाही विचारत. तू आपली इकडची खबरबात ऐक.

इकडेही अबोलाच. तुझ्या लग्नातला सगळ्यांचा फोटो दुकानात लावायचा म्हणून तुझ्या बाबांनी फ्रेम करायला घेतला. जन्मभर लोकांच्या फोटोंना फ्रेमा घातल्या या माणसाने, पण घरचं काम म्हटल्यावर कुणा गिऱ्हाइकाने न नेलेली, कोपऱ्यात धूळ खात पडलेली फ्रेम उचलली. फोटो तिच्यात मावेना, तर कडेने कापला. कडेला कोण? तुझी मावशी! अर्धा गाल आणि एक कान गेला बिचारीचा, आणि कानातलं तर खास तुझ्या लग्नासाठी घेतलेलं. मी बोलले, तर म्हणतात कसे, फ्रेम बघ काय चपखल बसलीय. मी म्हटलं, माणसं कापूनच बसवायची होती तर दुसऱ्या कडेला तुमची बहीण उभी होती की! झालं. तोंडं दोन दिशांना.

पूर्वी अशा वेळी तू होतीस. मी वरून स्वयंपाकघरातून म्हणायचे, बाबांना सांग, ताट वाढलंय, यायचं तर या म्हणावं. ते खाली दुकानात काच कापता कापता म्हणायचे, आईला सांग, मला भूक नाही. आणि तू एवढीशी पोर जिना वरखाली करायचीस. पण काय बिलंदर गं! ते म्हणायचे, आईला सांग, तिचं डोकं फिरलंय. तू वर येऊन सांगायचीस, बाबा विचारतायत, डोकं दुखतंय का? मी लगेच विरघळायचे आणि त्यांच्यासाठी चहा टाकायचे. तुझी ही लबाडी कळली तोवर तू मोठी झाली होतीस. तू सासरी गेलीस आणि आमचं टपालखातंच बंद पडलं.

त्यात तो फ्रेंचचा क्लास. आपल्या फ्रेंच जावईबापूंशी नुसतं हसून आणि मान डोलावून किती दिवस काढायचे, म्हणून दोघांनी नाव घातलं ते फोटो कापायच्या आधी. आता सोडायचा कोणी? ज्याने सोडला तो हरला! वाचनालयाच्या वरच्या खोलीत एकाच बाकावर बसायचो, मधे माझी पर्स. बाईंनी ‘मला, तुला, त्याला, तिला’चा धडा काढला. कोण कोणाला देतं, कोण कोणाला सांगतं. आमच्या वर्गातले दातांचे डॉक्टर तर घामाघूम झाले. आम्हाला मात्र पाणी पिण्याइतकं सोपं. एक तर ‘मी त्याला देते’ यात ‘त्याला’ जसं क्रियापदाच्या आधी येतं तसंच फ्रेंचमधेही येतं. आणि दुसरं म्हणजे, आम्ही जन्मभर दुसरं केलं काय? त्याला सांग, तिला सांग!

बाईंनी जोडीने वाक्यं म्हणायला लावली. मी उभी राहून म्हटलं, ‘इल न म पार्ल पा’. तो माझ्याशी बोलत नाही. बाई म्हणाल्या, वा, आवाजात किती भाव आहे! मग तुझे बाबा उठले, ‘एल न म रेपाँ पा’. ती मला उत्तर देत नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. घरचं भांडण आणि वर्गात पहिला नंबर, असं आमचं चाललं होतं.

मग घरीही तेच सुरू झालं. फ्रेंचमधे बोललं तर अबोला मोडत नाही, असं आमचं न बोलताच ठरलं. ते मीठ मागायचे फ्रेंचमधे, मी द्यायचे फ्रेंचमधे. पण भांडायला शब्दच पुरेनात गं! मीठ, खिडकी, छत्री एवढ्यावर माणूस भांडणार किती? मावशीचा विषय काढावा तर ‘कान’ अजून शिकवलेला नव्हता. एकदा मी रागाने काहीतरी जुळवत होते, तर हे गोंधळून उठले आणि ‘मी तुला छत्री देतो’ असं म्हणून खरोखरच छत्री हातात दिली. बाहेर कडक ऊन. मला हसू आवरेना, पण मी आत जाऊन हसले.

आता पत्राचं खरं कारण. काल दुपारी फोन वाजला. जावईबापू! आपली भाषा त्यांना येत नाही, त्यांची मला येते ती मीठ-छत्रीपुरती. ते आपले भडाभडा बोलत होते. मला त्यातलं एकच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, ‘दित-लुई, दित-लुई’. तिला सांगा, तिला सांगा. आमचाच धडा की! तुझे बाबा काच कापायचा हिरा हातात घेऊनच वर धावत आले आणि सरळ आपल्या भाषेत म्हणाले, काय म्हणतोय गं तो? मीही सांगून टाकलं. अबोला तिथल्या तिथे संपला, पण तेव्हा ध्यानात कोणाच्या आलं? दोघांनी मिळून बाकीचं जमेल तसं जुळवलं, एक वाक्य मात्र कळलं नव्हतं, ‘एल म मांक’. ते घोकत घोकत क्लासला गेलो. बाई म्हणाल्या, याचा अर्थ तिची आठवण येते. पण शब्दाला शब्द लावला तर, ती मला कमी पडते. तुझे बाबा तिथेच चष्मा पुसत बसले. आज सकाळपासून मोठी फ्रेम करतायत, दोन्ही कानांची मावशी बसेल अशी. तर टपालबाई, आता तुझं टपाल घे. तो म्हणतो, तिला सांगा, चूक कोणाची ते मागाहून बघू. तिला सांगा, मी दाराला आतून कडी लावत नाही. तिला सांगा, ती मला कमी पडते. बाबा म्हणतात, तिला सांग, खरंच काही वाईट घडलं असेल तर तडक इकडे ये; नसेल तर घरी जा आणि समोर उभी राहून भांड, तिथे जिना चढायला मधे कोणी नाही. यातलं एखादं वाक्य मी पदरचं घातलं असेल. कोणतं, ते विचारू नकोस. ही विद्या तुझ्याकडूनच शिकले.

तुझीच,
नवी टपालबाई
(जुनी आई)