आईच्या पिशवीवरचं बारीक अक्षर

१२ ऑगस्ट, मंगळ.

ऑपरेशनात घातलेला आईच्या आतड्याचा जोड गळतोय. आजपासून तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. मानेतल्या नळीतून जेवण देणार म्हणे. शिरेतून जेवण! डॉ.नी थोरला मुलगा म्हणून अण्णाला विचारलं, यांना अंडं, सोया, शेंगदाणे, मासे यांची ॲलर्जी आहे का. अण्णा हसला. अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही म्हणाला. डॉ.नी ‘नाही’वर खूण केली नि गेले.

पण विचारलं कशाला? जिला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, तिच्या माशांची चौकशी? मला हे सरळ वाटत नाही.

१३, बुध.

पिशवी आली. दुधासारखी पांढरीशुभ्र. आईच्या नावाचा स्टिकर नेमका बारीक अक्षरांवर. नेमका! जुन्या तारखेवर नवी चिकटवणारे दुकानदार काय कमी पाहिलेत मी? नखाने कोपरा स्वल्प उचलला, तर सिस्टर धावत आली, “अक्का, मुट्टबेडी.” हात नको लावू तर नको. डोळे आहेत ना मला. हिरवा ठिपका कुठेच नाही. तपकिरीही नाही. औषधाला ठिपका नसतो म्हणे. सरी, ठीक आहे.

आईने विचारलं, दूध आहे का गं? म्हटलं, तसंच काहीतरी.

तिला इंग्रजी येत नाही. माहेरी, बनशंकरी भागातल्या घरात, कुठलंही नवं पाकीट आलं की आधी मी मागची बाजू तिला वाचून दाखवायची, मगच ते स्वयंपाकघरात. लग्न झालं तरी सुटका नाही, फोटो मागवून फोनवरून वाचते. उद्या या पिशवीचंही वाचणार. बघतेच.

१४, गुरु.

खाली औषधांच्या दुकानात न लावलेली पिशवी पाहायला मागितली. तीन कप्पे. एकात साखरपाणी, एकात प्रथिनं, एकात तेल. लावायच्या आधी दाबून एकत्र करतात. तेलाच्या कप्प्याचं वाचलं. सोयाबीन तेल, ऑलिव्ह तेल, माशाचं तेल. खाली अंड्याच्या बलकातलं काहीतरी.

पुन्हा वाचलं. दुकानातला म्हणाला, तेल पाण्यात मिसळून राहावं म्हणून बलकातलं घालावंच लागतं. म्हणजे परवाचा प्रश्न त्यासाठी. तोंडावर विचारलं त्यांनी, आणि आमचा अण्णा हसत बसला. आणि ऐन श्रावणात, आईच्या अंगात दोन दिवस...

डॉ.ना गाठलं. अंड्याशिवायचं तेल त्यांच्याकडे नाही. तेल वगळून थोडे दिवस चालेल, पण ती आधीच हाडांचा सापळा झालीय, जोड भरायला ताकद हवी. “त्यांना सांगा, त्या ठरवतील.” सांगा म्हणे! यांचं काय जातंय?

अण्णाला सांगितलं तर माझ्यावरच उखडला. “कळलं तर नळी उपटून टाकेल ती. तुला आई हवीय की तिचं सोवळं?”

दोन्ही हवंय मला. काय चुकलं?

१६, शनि.

गळती कमी आहे. तोंडावर तेज आलंय, सकाळी उशीला टेकून बसली. मला इतकं बरं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. नवी पिशवी लागली. आज स्टिकर वरच्या अंगाला, खालचं सगळं उघडं.

आई म्हणाली, वाच.

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी वाचलं. ग्लुकोज, म्हणजे साखर. अमिनो ॲसिड, डाळीत असतं तसलं. सोयाबीन तेल. ऑलिव्ह तेल. क्षार. पाणी. एकदाही अडखळले नाही.

ती पिशवीकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

“तेलानंतर तुझे डोळे दोन ओळी खाली गेले,” म्हणाली. “इतकी वर्षं तुझ्याकडून वाचून घेतेय मी. बोट ठेवून वाच.”

अण्णा खिडकीशी गेला. मी उठले आणि सोयाबीनवर बोट ठेवलं.