मोकळं कपाळ

गुरुग्राम,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय लता,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत. तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालते, कारण तू माझा फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसते जोडलेले हात पाठवतेस. त्या हातांना उत्तर काय द्यायचं ते मला कळत नाही, म्हणून पत्र. स्पीड पोस्टाने पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही.

फराळ पोचला. अनारसे वाटेत मोडले, पण चुरा वाटीत घालून चमच्याने खाल्ला. चिवड्यात मीठ कमी होतं. इथली हवा दिवाळीपासून पिवळट झाली आहे, खिडक्या उघडायची सोय नाही. सुधन्वा घरूनच ऑफिसचं काम करतो आणि दिवसभर कानाला ते लावून एकटाच बोलत फिरतो. स्वानंदी म्हणते, "आई, तुमचा मुलगा माझ्याशी नाही बोलत एवढं." मी म्हटलं, तुझं नशीब चांगलं आहे.

दत्तात्रयरावांच्या मानेवरचा तीळ मोठा झाल्याचं संपदाकडून कळलं, आणि तू त्यावर कापूर घातलेलं खोबरेल चोळतेस हेही कळलं. ते आजच बंद कर. तीळ वाढला, त्याची कड वेडीवाकडी झाली, रंग बदलला, त्यातून रक्त आलं, यातलं एक जरी असलं तरी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. लग्नानंतर बघू, असं म्हणायचं नाही. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण ते डॉक्टरने बघून ठरवायचं, आपण नाही. आणि तुझ्या बोटांच्या बेचक्यातली खाज? तीही चार महिने चालली आहे. औषधाच्या दुकानातून आणलेली ती ट्यूब फेकून दे. असल्या ट्यूबांनी चार दिवस बरं वाटतं, मग चामडी पातळ होते आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

वहिनीला हे एवढं कधीपासून कळायला लागलं, असं तू आता दत्तात्रयरावांना विचारत असशील. सांगते.

माझे गुडघे ठीक आहेत.

सप्टेंबरात तू फोनवर म्हणालीस, "दादा नाही, मला दुसरा भाऊ नाही. संपदाला गौरीहरापासून बोहल्यावर मामाने आणायचं असतं. वहिनी, तू आण." मी तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगितलं. तू म्हणालीस, दहा पावलं तर चालायची आहेत. मी म्हटलं, दहाही होत नाहीत. मग तू म्हणालीस, "चालेल, खुर्चीत बसून ये, मी ढकलते." त्यावर मी फोन ठेवून दिला. तू काय समजलीस ते मला ठाऊक आहे. दादा गेला आणि वहिनीने सासरचं नातं गुंडाळून ठेवलं, असंच ना? तुझ्या जागी मी असते तर मीही तसंच समजले असते.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास माझ्या टिकलीखाली खाज सुटली होती. उन्हाळा लागला, घाम आला असेल, म्हणून सोडून दिलं. मग तिथे लाल झालं आणि सालं निघायला लागली. मार्केटमधल्या केमिस्टला दाखवलं. त्याने मोबाइलवरची मान वर न करता "आंटी जी, ये लगा लो," म्हणून ट्यूब दिली. खाज थांबली. मी पुन्हा टिकली लावली. पावसाळ्यात एक दिवस आंघोळीनंतर आरशात बघितलं तर टिकलीच्या जागी टिकलीएवढाच पांढरा डाग.

मी काय केलं असेल? मोठी टिकली घेतली.

डाग वाढला तशी मी त्याहून मोठी घेत गेले. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, पस्तीस वर्षं दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात फायलींवर "कारण स्पष्ट करा" असे शेरे मारलेली बाई मी. आणि इथे कारण विचारायला मला भीती वाटली. मनात एकच शब्द होता. तो मी कुणापुढे उच्चारला नाही. आता लिहिते, कोड. आपल्या लहानपणी हा शब्द कसा बोलायचे ते तुलाही माहीत आहे. दार लावून, आवाज खाली करून, आणि त्या घरात लग्नाची मुलगी असली की आणखी खाली. तू मला मुलाकडच्यांसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बोहल्यापाशी उभं राहायला सांगत होतीस. संपदाच्या हाताला माझा हात, आणि कॅमेरेवाला समोर. घामाने टिकली सुटली असती तर? मांडवात कोण काय पुटपुटलं असतं, ते मी रोज कल्पनेने ऐकत होते. म्हणून गुडघे.

माझं कपाळ या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, यात सुधन्वाचा दोष नाही. तो चांगला मुलगा आहे, पण आईच्या तोंडाकडे नाही, तोंडाच्या दिशेने बघतो. बघणारा माणूस वेगळा होता. आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा मला सकाळी चार्टर्ड बस पकडायची घाई असायची. आरशात धड बघायला फुरसत कुठली! मी खाली बसपाशी उभी आणि तुझा दादा वर बाल्कनीत, दाढीचा साबण तसाच गालांना. मी वर बघितलं की तो स्वतःच्या कपाळावर बोट ठेवायचा आणि जरा डावीकडे सरकवायचा, किंवा उजवीकडे. त्याप्रमाणे मी टिकली नीट करायची. सगळी बस बघायची. मिसेस खुराना म्हणायच्या, "ट्रैफिक पुलिस खड़ा है आपका." मला लाज वाटायची आणि घरी येऊन मी त्याच्यावर चिडायची. तो म्हणायचा, "तुला दिसत नाही ते मला दिसतं, त्यात चिडायचं काय?"

तो असता तर पहिल्या दिवशी त्याला दिसलं असतं. पहिल्या खाजेलाच त्याने मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही. लोक म्हणतात, माणूस गेलं की घर रिकामं वाटतं. घर नाही गं रिकामं वाटत. सतराव्या मजल्यावर माणसांची, कामवाल्यांची, पार्सलवाल्यांची रीघ असते. पण मी कशी दिसते हे सांगणारं आता कुणी नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी झोपले असताना टिकली उशीला चिकटली. स्वानंदी चहाला बोलवायला आली आणि दारातच थांबली.

"आई, कपाळाला काय झालं?"

"काही नाही. उशीचा वळ."

"वळ पांढरा असतो?"

"माझा असतो."

ती माझ्याशी वाद घालत नाही, हुशार आहे. तिने चहा आणून ठेवला, माझ्याजवळ बसली, आणि मी कप खाली ठेवेपर्यंत फोनवरून डॉक्टरची वेळ घेऊन टाकली. मी रागावले. ती म्हणाली, "रागवा, पण शनिवारी जायचंय. कॅबमध्ये रागवा."

दवाखाना म्हणजे काचेची इमारत, भिंतीवर गोऱ्या गोऱ्या बायांचे फोटो. बाहेर मुरुमांच्या मुली आणि केस गळणारी मुलं बसलेली. सुती साडीतली मी एकटीच. माझ्याकडे बघून एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, "आंटी भी ग्लो कराने आई हैं." मी म्हटलं, "नहीं बेटा, आंटी का ग्लो ज़्यादा हो गया है." स्वानंदी हसली तेव्हा मलाही जरा हलकं वाटलं.

डॉक्टर तरुण आहे, चिराग नावाचा. म्हणाला, "बिंदी हटाइए." मी म्हटलं, "क्यों?" तो म्हणाला, "आंटी, उसके नीचे देखना है." मी काही हात वर केला नाही. तो थांबला, घाई केली नाही. शेवटी मीच काढली. त्याने खोलीतला दिवा मालवला, एका निळसर दिव्याखाली माझं कपाळ बघितलं, हात, पाय, मान, सगळं तपासलं. "कब से लगाती हैं?" असं विचारलं. मी म्हटलं, "जब से माथा है."

मग त्याने सांगितलं. चिकटवायच्या टिकलीच्या डिंकात काही रसायनं असतात. पुष्कळांना त्याने काहीच होत नाही, काहींच्या कातडीला ती सोसत नाहीत. आधी खाज, मग लाली, तरीही लावत राहिलं तर रंग तयार करणाऱ्या पेशीच मरतात. आपलं घराण्यातलं कोड म्हणतात तशातलं हे दिसत नाही, अंगावर दुसरीकडे कुठे डाग नाही, आणि काहीही असलं तरी हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मी ज्याने डाग झाकत होते त्यानेच तो वाढत होता. मोठी टिकली, मोठा डाग. खाज सुटली तेव्हाच का आला नाहीत, असं त्याने विचारलं. मलम दिलं आहे, ऊन टाळायचं आहे. रंग भरायला कित्येक महिने लागतील. भरेलच अशी खात्री त्याने दिली नाही, आणि ते मला आवडलं. टिकली मात्र बंद, ओलं गंधसुद्धा तूर्त नाही.

ही शेवटची गोष्ट ऐकून मी त्या तरुण मुलासमोर रडले. स्वानंदीला वाटलं सुटकेने रडते आहे. तिला कसं सांगणार? तू होतीस तेव्हा, तुलाच ठाऊक आहे. दादाच्या दहाव्याला त्या लांबच्या आत्याबाई ओला रुमाल घेऊन माझ्या कपाळाकडे आल्या, आणि तू मधे उभी राहिलीस. माझी टिकली रडण्यात केव्हाच पडली होती. तू स्वतःच्या कपाळावरची काढून माझ्या कपाळावर दाबून बसवलीस. "दादाला आवडायची. वहिनी, ही काढायची नाही. कुणी सांगितलं तरी नाही." मग तू दर दिवाळीला फराळाच्या डब्यात टिकल्यांची पाकिटं घालायला लागलीस.

लता, त्याच टिकल्या. दादा गेल्यापासून दुसऱ्या मी कधी लावल्या नाहीत, मोठ्याही तुझ्याच पाकिटांतल्या. हे तुला सांगायचं टाळत मी इथपर्यंत लिहीत आले. डॉक्टरने कुठून आणता म्हणून विचारलं तेव्हाही मी "बाजारातून" एवढंच म्हटलं. यंदाचं पाकीट डब्यातून निघालं, ते मी तसंच परत डब्यात ठेवलं. यात तुझा काडीचाही दोष नाही. तू रडत बसशील म्हणून आधीच बजावते, रडायचं असेल तर पाच मिनिटं रड आणि मग उठून आरशापुढे जा. टिकली काढ, उजेडात बघ. खाज, लाली, काळसर कड, काहीही दिसलं तर लगेच दाखव. संपदाचं कपाळ मात्र आजच बघ. लग्नाच्या सगळ्या दिवसांत ती चंद्रकोर चिकटवून बसेल. एवढीशी जरी खाज असेल तर तिला काही लावू देऊ नकोस. फोटो बिघडले तरी बिघडू देत.

आता लग्नाचं. मी येते आहे. तिकीट काढलं आहे. टिकली लावणार नाही, डागावर पावडर चोपडणार नाही, पदर पुढे ओढणार नाही. लोकांना वाटेल, विजयाने शेवटी कपाळ पुसलं. वाटू दे. तू मात्र तसं समजू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. तू दिलेलं मी काढलेलं नाही.

मुलाकडच्यांना आधीच सांगून ठेव की मामीच्या कपाळावर डाग आहे आणि तो कशाने पडला. तुला जड जात असेल तर त्यांचा नंबर दे, मी सांगते. खरोखरच कोड असतं तरी मी हेच म्हटलं असतं, असं लिहिणार होते. पण तसं असतं तर हे पत्र लिहायची हिंमत मला झाली असती का, ते माहीत नाही, म्हणून ते वाक्य राहू दे.

एक मागते. नाशिकरोडला मला घ्यायला तू एकटी ये. दत्तात्रयराव नकोत, गाडीत पाहुणे नकोत. मांडवात सगळे बघतीलच, पण त्याआधी तू मला उजेडात नीट बघ आणि कशी दिसते ते तोंडावर सांग. गोड बोलू नकोस. तुझे डोळे त्याच्यासारखे आहेत, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि संपदाला सांग, तिचा मामा उंच होता, ढांगा टाकत चालायचा. मी हळू चालते. बोहल्यापर्यंत तिला माझ्या चालीने यावं लागेल.

तिच्या मामाच्या जागी,
विजया