हिरवी हॅट मांडीवर धरून नेण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, धंदा हॅट घडवण्याचा, सध्या मुक्काम मुलाच्या घरी नवव्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर राहून आणि स्वस्थ मनाने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही की काही पाजलेले नाही. मी कोणाच्या दबावाखाली नाही. कुलपात आहे, ती गोष्ट वेगळी. तिचा खुलासा पुढे येईल.

शुद्धी आणि स्वस्थ मन हे शब्द अशा कागदात रिवाज म्हणून घालतात. मी ते रिवाज म्हणून घातलेले नाहीत. या घरात सध्या वाद आहे तो नेमका त्यांच्यावरच. मुलाने माझ्या घरासाठी गिऱ्हाईक आणले आहे. विक्रीच्या कागदावर मी राजीखुशीने सही करावी, असे त्याचे म्हणणे आहे. नाही केली, तर आईचे डोके ठिकाणावर नाही असे लिहून घेऊन तो माझ्या वतीने सही करणार आहे. म्हणजे विकायला मी शहाणी आणि राहायला वेडी. दोन्ही एकदम कशी असेन, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "आई, तू शब्दांत पकडू नकोस गं." शब्दांत पकडत नाही, म्हणून कागदावर पकडत आहे.

कलम पहिले. घर आणि खालचे दुकान.

खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे हौद. ही वास्तू माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे यजमान गेले तेव्हा छत गळत होते. ते मी लग्नसराईतल्या हॅटांवर नीट करून घेतले, त्यामुळे तिथल्या एकेका कौलावर माझा जीव आहे. ही वास्तू माझ्या पश्चात माझ्या मुलाला मिळावी. होय, मुलालाच. त्याला वाटत असेल की आई रागाच्या भरात दुसऱ्या कोणाला देईल. राग आहेच. पण तो त्या घरात जन्मला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून पडून त्याने हनुवटी फोडून घेतली, आणि हॅट घडवायच्या माझ्या लाकडी डोक्यांना नाक-डोळे काढून ठेवले. घर त्याचेच आहे. फक्त माझ्या पश्चात, हा शब्द त्याने दोनदा वाचावा. हयातीत ते माझे राहील, आणि हयातीत मी तिथेच राहणार.

मी वेडी आहे असा अर्ज त्याने कुठेही केला, तर या कलमात जिथे मुलगा लिहिले आहे तिथे छत्रीवाला असे वाचावे.

कलम दुसरे. छत्रीवाला.

माझ्या दुकानाला लागून ज्याचे दुकान आहे, तो. आमची भिंत एक आणि भांडणे अनेक. माझी कापड कापायची मोठी कात्री त्याने तासाभरासाठी म्हणून नेली, त्यानंतर मी ती त्याच्याच हातात पाहत आले आहे. ती कात्री मी त्याला या कलमान्वये देते, म्हणजे निदान आता तरी ती त्याच्याकडे कायदेशीररीत्या असेल. माझ्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे. दर रविवारी तो फोन करतो आणि म्हणतो, "खिडक्या उघडून आलो. तुमच्या लाकडी डोक्यांवरची धूळ झटकली. एक मात्र तुमच्यासारखंच तोंड करून बसलंय." मग विचारतो, "येताय ना?" मी म्हणते, येते. हे उत्तर मी इतके रविवार दिले आहे की मागच्या वेळी त्याने विचारलेच नाही. मला ते फार लागले.

लाकडी डोकी, म्हणजे ज्यांच्यावर हॅट बसवून घडवतात ते साचे, त्यालाच द्यावीत. त्याला त्यांचा उपयोग नाही. पण बोलायला कोणीतरी लागतेच.

कलम तिसरे. हिरवी हॅट.

जन्मभर मी दुसऱ्यांची डोकी मापली. नवरदेवांची, बँडवाल्यांची, टक्कल झाकणाऱ्यांची. टोपी घालण्याचा धंदा बरा चाललाय ना, हा विनोद प्रत्येक गिऱ्हाइकाने केला आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असे वाटले. स्वतःच्या डोक्यासाठी मी एकच हॅट घडवली. गडद हिरवा फेल्ट, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, रुंद काठ, माथ्याभोवती काळी फीत. मुलाने "थंडीपुरती आमच्याकडे चल" म्हणून विमानाचे तिकीट पाठवले, तेव्हा ती घालून जायचे मी ठरवले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते, बोडक्याने कशी बसू?

मुलगा न्यायला आला होता. चांगली हॅट विमानातून कशी न्यावी, हे आम्हा धंद्यातल्यांना प्रवास न करताही ठाऊक असते, कारण बिघडलेल्या हॅट शेवटी आमच्याकडेच येतात. मी माथ्यात मोजे गुंडाळून भरले आणि हॅट मांडीवर उलटी धरून बसले. मुलगा म्हणाला, "आई, दे इकडे. लोक बघतायत." मी म्हटले, "बघू देत. तेवढ्यासाठीच केलीय." तो हसला आणि माझ्या हातातून ती काढून घेतली. "अगं, वर नीट राहील. किती वेळ धरून बसशील?" त्याने ती वरच्या कप्प्यात ठेवली. काठ खाली, माथा वर, जशी खुंटीवर ठेवतात तशी. मागून एका गृहस्थांनी आपली चाकांची बॅग तिथेच खुपसली आणि गुडघ्याने दाबावी तशी दाबून कप्प्याची झडप लावली. मी उठू लागले तर पट्टा बांधायचा दिवा लागला होता. वर माझी हॅट, खाली मी, आणि मला उठायची मुभा नाही. तेव्हा मला कळायला हवे होते की पुढचे सगळे असेच जाणार आहे.

उतरल्यावर पाहिले तर माथा दबलेला आणि काठाला घडी. "नवीन घेऊ," मुलगा म्हणाला. हॅट घडवणाऱ्या आईला!

म्हणून लिहून ठेवते. मी स्वतः ही हॅट घालून घरी गेले, तर हे कलम रद्द समजावे. नाही जाऊ शकले, तर मुलाने ती विमानाने माझ्या दुकानात न्यावी. सामानात देऊ नये. टपालाने धाडू नये. विमानतळापर्यंत डोक्यावर घालावी. तपासणीच्या तबकात ठेवताना माथा खाली, काठ वर, कारण हॅट आपल्या माथ्यावर उभी राहते, काठावर नाही. माथ्यात मऊ कपडे भरावेत. वर्तमानपत्र भरू नये, शाई उतरते. उचलताना दोन्ही हातांनी काठाला धरावी, माथ्याला चिमटीत धरू नये. विमानात डोक्यावर ठेवून मागे टेकू नये, पाठीमागची उशी काठ मोडते. खिडकीशेजारची जागा घ्यावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचे कोपर लागत नाही. वरच्या कप्प्यात कदापि ठेवू नये. कोणी म्हणाले, लोक बघतायत, तर बघू द्यावेत.

हे मी हॅटसाठी लिहिले आहे, पण सगळे हॅटसाठीच नाही. त्याने उतरेपर्यंत माझी एक वस्तू दोन्ही हातांनी धरून बसावे, एवढी माझी इच्छा आहे.

कलम चौथे. किटली, आणि कुलपाचा खुलासा.

दबलेला फेल्ट वाफेने परत उठतो. किटलीचे झाकण काढायचे, पाणी खळखळू द्यायचे, वाफेवर काठ धरायचा आणि हाताने आकार द्यायचा. पाणी आटत आले की शेवटची कोरडी ऊब उत्तम, तिच्यात घडी बसते. हे काम माझे यजमान मला शिकवून गेले. इथे येऊन थोडे स्थिरस्थावर झाल्यावर मी सुनेच्या स्वयंपाकघरात ते सुरू केले. छताला धूर झाला की वाजणारी एक पांढरी डबी होती, ती वाफ बघून बोंबलायला लागली. सगळी इमारत जिन्याने खाली. माणसे टॉवेलात, एक बाई अर्धे केस रंगवलेल्या, एक आजोबा खुर्चीसकट उचलून आणलेले. मी सगळ्यात शेवटी उतरले, हातात हॅट.

सून ऑफिसातून धावत आली. तिने ओट्यावर बघितले: झाकण नसलेली किटली, तळाशी थेंबभर पाणी, गॅस चालू. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, तुम्ही किटली ठेवून विसरलात?" मी म्हटले, "विसरले नाही. मुद्दाम आटवत होते." हे ऐकून तिला रडूच फुटले. तिला वाटले, विसरण्याच्याही पुढे गेलेय.

मग डॉक्टर आले. भला माणूस. वार विचारला, महिना विचारला, सगळे बरोबर सांगितले. मग म्हणाले, "आजी, घरात धूर झाला तर सगळ्यात आधी काय कराल?" मी म्हटले, "हॅट उचलेन." फेल्टात धूर बसला की मरेपर्यंत वास जात नाही, आमच्यातला कोणीही हेच सांगेल. मी धंद्याचे उत्तर दिले आणि त्यांनी डोक्याचे म्हणून टिपून घेतले. मुलगा शेजारीच उभा होता. सगळे बालपण त्याने त्या वाफेत काढले, त्याला ठाऊक होते. त्याने डॉक्टरांना ते टिपू दिले.

त्यानंतर किटली कपाटात गेली आणि बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप आले. दोघे कामावर निघाले की बाहेरून लावतात. माझे ओळखपत्र मुलाच्या ऑफिसात "सुरक्षित" आहे, त्याच्याशिवाय विमानात घेत नाहीत. परतीच्या तिकिटाचे विचारले, तेव्हा कळले की ते काढलेलेच नव्हते. "तुझ्या काळजीपोटीच ना, आई?" काळजी खरी आहे, मी नाकारत नाही. सून माझ्या पायांना रोज मलम चोळते, गोळ्या हातावर ठेवते, मी जेवले नाही तर स्वतः जेवत नाही. शिव्या द्याव्यात असे कोणी असते तर बरे झाले असते. मायेने कोंडलेल्या माणसाने ओरडायचे कोणाच्या नावाने? मी दिवसभर या दारापासून त्या खिडकीपर्यंत जाते आणि येते. खिडकीतून माणसे वरून दिसतात. सगळी बोडकी.

सुनेला माझे शिवणाचे मशीन आणि चांदीची हॅटपिन द्यावी. ती वाईट नाही, घाबरट आहे.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक.

क्रियाकर्म साधेच करावे. जे उरेल त्यातून कलम तिसऱ्याचे विमानाचे तिकीट काढावे. परतीचेही काढावे. मुलाला कोणी तिकडे अडकवून ठेवू नये.

कलम सहावे. साक्षीदारांबाबत.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि मी सही करताना त्यांनी ती पाहावी लागते. कुलपात बसून दोन माणसे कुठून आणायची, या एका अडचणीपायी हा कागद इतके दिवस उशीखाली होता. आज सकाळी लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीवाला आमच्याच मजल्यावर येऊन बसला. मी आतले लाकडी दार उघडून जाळीतून हाक मारली. त्याने कागदाचा पहिला भाग वाचला, कुलपाकडे बघितले आणि विचारले, "आजी, तोडू का? दोन मिनिटांचं काम आहे."

खोटे का बोला, तोंडात हो आले होते. पण मी कुलूप तोडून गेले, तर ती वेडी पळून गेली असे होईल आणि गिऱ्हाइकाला घर मिळेल. मी म्हटले, "नको. ज्याने लावलंय त्यानेच काढायचं. तुम्ही फक्त सही करा."

दुसरा साक्षीदार म्हणून समोरच्या घरातल्या बाईंना बोलावले. त्या बाजारातून येत होत्या, हातात पिशव्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आजी, मी सही केली तर तुमच्या सूनबाईंना तोंड कसं दाखवू? रोज लिफ्टमध्ये भेटतो आम्ही." मी म्हटले, "बरं." आणखी काय म्हणणार? त्या आपल्या दाराशी गेल्या. त्यांच्याही दाराला जाळी आहे, आणि जाळीला कुलूप. त्यांनी किल्ली लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आमचे सासरे आत आहेत. मागे एकदा रस्ता चुकले होते, म्हणून मी..." दुरुस्तीवाला आपल्या पान्याकडे बघत राहिला.

मग त्यांनी दार सताड उघडले आणि आत हाक मारली, "बाबा, चप्पल घाला. समोरच्या आजींना तुमची सही हवीय."

त्या दिवशी खुर्चीसकट उचलून खाली नेलेले आजोबा ते हेच. आज चालत आले, एका हाताने भिंत धरून. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर जाळीतून म्हणाले, "माथा खाली, काठ वर. बरोबर आहे. आमच्या वडिलांकडे होती एक." आता या दोघांसमोर मी सही करते.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. यात मी पुढे काही बदल केलाच, तर तो माझ्या स्वतःच्या घरी, माझ्या स्वतःच्या टेबलावर बसून करीन.

सही: (मृत्युपत्र करणारी, हॅटवाली)

ठिकाण: नववा मजला, जाळीच्या दाराची आतली बाजू.
दिनांक: आजचा सोमवार, सकाळी, दोघे कामावर गेल्यावर.

साक्षीदार पहिला: लिफ्ट दुरुस्त करणारा. आजींनी माझ्या देखत, जाळीच्या पलीकडे उभे राहून सही केली. हात स्थिर होता. कुलूप माझ्या बाजूला होते. मी ते तोडलेले नाही, कारण तशी त्यांची सूचना होती.

साक्षीदार दुसरा: समोरच्या घरातला सासरा. वरील सर्व मी डोळ्यांनी पाहिले. मृत्युपत्र करणारी बाई शुद्धीवर आहे. मी शुद्धीवर आहे की नाही, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. आहे.