मिनासच्या दिवशी बंद दार

कवाला,
१४ नोव्हेंबर २०१२

लाडक्या मिर्तो,

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, आणि माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे. बाल्कनीतल्या लिंबाला यंदा सहा-सात लिंबं लागलीत, पण सालीच जाड. तिकडे बर्फ पडायला लागलं का? गळ्याला काहीतरी गुंडाळून बाहेर पडत जा. बेकरीतल्या भट्टीपाशी उकडतं म्हणून तू तशीच रस्त्यावर येत असणार, मला माहीत आहे.

फोन न करता पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तुझे बाबा माझ्या कोपराला चिकटून उभे असतात, ‘मला दे, मला दे’ करत. आणि तू तिकडून रडलीस की मी कशालाही हो म्हणून मोकळी होते. म्हणून म्हटलं, या वेळी कागदच बरा.

तू सरळ विचारलंयस, की महिनाअखेरीला बेकरीत राजीनामा देऊ का. नाताळला कायमची घरी येते, बाबांचं पडद्यांचं दुकान मी बघते, जोडीला छापील कापडं ठेवू, असं सगळं तू मनाशी मांडलेलं दिसतंय. त्याचं उत्तर देते. पण आधी रविवारचं सांगते. रविवारी तू सारखे फोन करत होतीस आणि आम्ही उचलला नाही, त्याचं.

रविवारी बाबांचा नामदिवस होता, त्यांच्या नावाच्या संताचा. तुला आठवतं ना, संत मिनासच्या दिवशी आपल्याकडे दार लावायची सोयच नसायची. आमंत्रण नाही, काही नाही. या घरात मिनास नावाचा माणूस राहतो म्हणजे आज हे घर उघडं, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक. मी आठवडाभर आधीपासून लोणी-बदामाचे कुराबिये भाजायची आणि तू पिठीसाखर चाटत फिरायचीस. येणारा मिठाईचा डबा घेऊन यायचा आणि पोट भरून जायचा. जागा नसली की माणसं पलंगावर बसायची.

यंदा शुक्रवारी जेवताना बाबा म्हणाले, “आपण गावाला गेलोय.”

मी म्हटलं, “कधी गेलो?”

“रविवारी. सगळ्यांना सांगून ठेव.”

मग मी खाटकाला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या सुमेलाला सांगितलं, तुझ्या थेक्ला आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, “नामदिवशी गावाला? तिथे आहे कोण, बकऱ्या?” मी म्हटलं, हो, बकऱ्यांना भेटायला चाललोय. आता गावाला जायचं म्हणजे गाडीत पेट्रोल लागतं, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. खिडक्यांच्या झडपा खाली ओढल्या, दिवे बंद केले, टीव्ही बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

पण सकाळी मात्र तुझ्या बाबांनी दाढी केली आणि पांढरा शर्ट इस्त्री करायला लावला. मी विचारलं, “कुणासाठी एवढं?” तर म्हणाले, “माझा नामदिवस आहे.” मी गपचूप इस्त्री केली, आणि माझाही बरा झगा घातला. मग दिवेलागणीला, दिवे न लावता, आम्ही दोघं नटूनथटून अंधारात समोरासमोर बसलो. तुझा फोन वाजला. बाबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. जिन्यात सगळं ऐकू जातं गं. परत वाजला, परत तेच. तिसऱ्यांदा मी फोनवर उशी ठेवली. तुझ्यावर ठेवल्यासारखं वाटलं मला.

मग बेल. पहिली तुझी आत्याच. गावाला जातोय म्हणून स्वतः सांगितलं होतं तिला, तरी आली. तिचा आमच्यावर जन्मात विश्वास नव्हता. तेवढ्यात वरून सुमेला आणि तिचा नवरा प्रोद्रोमोस उतरले. आणि मग तिघं आपल्या दाराबाहेर उभे राहून बोलायला लागले, आणि आत दाराशी आम्ही श्वास धरून.

“नाहीत गं कुणी,” सुमेला म्हणाली. “मी यांना म्हटलंच होतं. बरंच झालं, हा डबा आता कातेरीनाच्या नामदिवसाला चालेल. मिठाईवाला हल्ली डब्याच्या फितीचेसुद्धा पैसे लावतो मेला.”

“माझा तर दिमित्रीकडून आलेलाच आहे,” आत्या म्हणाली. “फीतसुद्धा सोडली नाही मी.”

दोघी हसल्या. मिर्तो, दाराच्या आत मीही हसले, तोंडावर हात दाबून. म्हणजे आम्ही यांना चुकवतोय आणि हे आम्हाला चुकवायला मिळालं म्हणून खूश! बाबा हसले नाहीत.

मग प्रोद्रोमोसचा आवाज आला. “दाराखालून उजेडाचा कण नाही. वीज तोडली तर नसेल ना यांची?”

“हळू बोल,” आत्या म्हणाली.

“अगं, दुकान गेल्यापासून तो माणूस...”

वाचलंस ना? परत वाचू नकोस, बरोबर वाचलंस. मलाही हे प्रोद्रोमोसच्या तोंडून लिहिणं सोपं गेलं, स्वतःच्या तोंडून गेले दोन महिने जमत नव्हतं.

दुकान सप्टेंबरात बंद केलं. तशी गिऱ्हाइकं त्याआधी वर्षभर नव्हतीच. ज्याला पगार कधी होईल ते ठाऊक नाही, तो पडदे कशाला बदलेल? आहेत तेच धुऊन लावतो. शेवटी शेवटी लोक फक्त पडद्याच्या कड्या न्यायला यायचे, आणि तुझे बाबा त्या फुकट द्यायचे, वर शिडी घेऊन लावायलाही जायचे. मालकाने जागा परत घेतली. आता तिथे जुनं सोनं विकत घेणाऱ्याने पिवळी पाटी लावली आहे. त्याच्याकडे मात्र रांग असते. बाबा त्या रस्त्याने जात नाहीत, चर्चला जाताना सुद्धा वळसा घालतात. फोनवर तुला ‘आज गिऱ्हाईक बरं होतं’ म्हणतात ना, त्या दिवशी ते बंदरावर गळ टाकून बसलेले असतात. मासे खरंच मिळतात, त्यात खोटं नाही.

मी का गप्प बसले? त्यांनी हात जोडले म्हणून. आणि तू तिकडे एकटी, आधीच रडवेली, म्हणून. कारणं काय, शोधली की सापडतात.

तर, आम्ही आत उभे, ते बाहेर उभे. बाबांची मान खाली गेलेली मला अंधारातही कळली. घरी नाहीत असं लोकांनी म्हणावं म्हणून एवढा खटाटोप, आणि लोक म्हणाले काय, तर वीज तोडली! तेवढ्यात जिन्यात चपळ पावलं वाजली आणि आपल्या कुलपात किल्ली फिरली.

कुणाची किल्ली ते सांगते. थोडं थांब.

लाम्ब्रिनी नावाची एक मुलगी आहे. इथल्या तंत्रशाळेत शिकते. तिला आमच्या गावाला जाण्याचं काही माहीत नव्हतं, कारण तिला सांगायचंच राहिलं, आणि सकाळी लवकर ती मैत्रिणीकडे गेली होती. हातात संत्र्यांची पिशवी, कानात गाणं. तिने तिघांना बघितलं आणि म्हणाली, “अगंबाई, बाहेर का उभे? या ना, आत या!” दार ढकललं आणि दिव्याचं बटण दाबलं.

समोर आम्ही. बाबा पांढऱ्या शर्टात, मी तोंडावर हात धरून.

मग तुझे बाबा म्हणाले, “फ्यूज उडाला होता.”

दिवा डोक्यावर लख्ख जळत होता, मिर्तो. प्रोद्रोमोसने जन्मभर विजेचीच कामं केली आहेत. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. म्हणाला, “थांब, बघतो.” दाराशेजारची मीटरची पेटी उघडली, आत काहीतरी खुडबुड केली, पेटी लावली. “झालं. तार सैल होती.”

आत्याने कोट काढत विचारलं, “गावाहून कधी आलात?”

“आत्ताच,” बाबा म्हणाले.

“बकऱ्या बऱ्या आहेत?”

आणि मग मला जे हसू फुटलं ते काही आवरेना. बाबासुद्धा हसले, डोळे पुसत. सगळे आत आले. घरात द्यायला आंबट चेरीचा मुरंबा होता, भाजलेले हरभरे होते आणि त्सिपुरो दारूची एक बाटली. डबे अर्थात उघडावे लागले. सुमेलाने कातेरीनासाठी राखलेला डबा हसत हसत ठेवला, पण फीत मात्र घडी करून खिशात घातली. आत्याच्या डब्यातले कुराबिये दगड झाले होते. दिमित्रीच्या आधी तो कुणाकुणाकडे हिंडून आला होता देव जाणे! त्सिपुरोत बुडवून खाल्ले. लाम्ब्रिनीने संत्री सोलली. मी मनातल्या मनात म्हटलं, दरवर्षी एवढा स्वयंपाक करून मी उगाच मरत होते.

मग सुमेलाने तुझी चौकशी केली. बाबांच्या हातात पेला होता. म्हणाले, “मिर्तो येतेय. नाताळला. कायमची.”

मग प्रोद्रोमोसने पेला उचलला, “तिच्या येण्याला.” सगळ्यांनी उचलला. तू इथे येऊन करणार काय, हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. तुझ्या बाबांचा चेहरा त्या वेळी असा होता की मी मुरंब्याची बशी घेऊन आत निघून गेले. तो चेहरा तू पाहिला नाहीस तेच बरं झालं. तू दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असतास.

निघताना प्रोद्रोमोस मागे रेंगाळला. त्याचा लेक, इंजिनियर झालेला, तुझ्याच शाळेतला. दुपारपर्यंत निजतो हल्ली, कारण उठून करायचं काय? सुरुवातीला अर्ज पाठवायचा. आता बापाशी बोलत नाही, बाप काही म्हणाला की दार आपटतो. प्रोद्रोमोस मला हळूच म्हणाला, “अन्थूला, पोरीला येऊ देऊ नकोस.” आणि जिना चढून गेला.

आता किल्लीचं. लाम्ब्रिनी तुझ्या खोलीत राहते. ऑक्टोबरपासून. तिचे वडील भाडं पाठवतात, त्यात आपलं विजेचं बिल निघतं. त्या संध्याकाळी दिवा लागला तो असा. तुझी पुस्तकं आमच्या पलंगाखाली आहेत, कपडे माझ्या कपाटात. भिंतीवरचे तुझे फोटो मी काढले, एक लाम्ब्रिनीने राहू दे म्हटलं, तो आहे. होड्यांचा निळा पडदा तसाच आहे. तो काढायचा नाही एवढी एकच अट बाबांनी तिला घातली. मी त्या मुलीवर चिडायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. आली की आधी माझ्या हातातलं भांडं घेते आणि घासायला लागते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. राजीनामा देऊ नकोस.

येऊ नकोस, मिर्तो.

लिहिलं एकदाचं. लिहिल्यावर मी रडले, मग उठून भाजी परतली आणि आता परत बसलेय. तुला वाटेल, आईचं काळीज असं कसं झालं. तुझी आठवण येत नाही असं नाही. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की मला अजून तूच वाटतेस, आणि मग लाम्ब्रिनी आत येते आणि मी तिला म्हणते, आलीस का बाळा. पण तू आलीस तर दुकान नाही, खोली नाही, कुठे काम नाही. वर्षभराने तूही दुपारपर्यंत निजशील आणि बाबांशी बोलणार नाहीस. ते मला या घरात बघवणार नाही. तुझ्या बाबांना तर मुळीच नाही.

तू तिकडे पहाटे अंधारात उठतेस, लोक तुझ्या भाषेला हसतात, घरी आल्यावर बोलायला कुणी नसतं, हे सगळं मी तुझ्या पत्रात वाचलं. दोनदा वाचलं. तरी हेच सांगतेय. माझा राग आला तर खुशाल कर. रागावलेलं, पण कामावर असलेलं लेकरू परवडतं मला.

बाबांना या पत्राचं माहीत आहे. आज सकाळी मी विचारलं, “तू सांगतोस की मी लिहू?” गळ उचलून निघाले. दारात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिच्या खिडकीचं माप मागव. तिकडे थंडी असते, जाड पडदा लागेल. दुकानातलं एक ठाण मी राखून ठेवलंय.” तेव्हा माप पाठव. लांबी, रुंदी, दोन्ही. आणि फोनवर त्यांना दुकानाचं काही विचारू नकोस. पडद्याचं विचार.

पुढच्या वर्षी मिनासच्या दिवशी मात्र ये. रजा काढून ये, पाहुणीसारखी. मिठाईचा डबा आण, ताजा आण, आत्यासारखा नको. तुझी किल्ली लाम्ब्रिनीकडे आहे, तेव्हा तुला बेल वाजवावी लागेल. दिवे बंद दिसले तरी परत फिरू नकोस, वाजवत राहा. आम्ही घरातच असतो.

तुझी,
आई